पाठीला डोळे

आपल्या शरीराचा जो भाग आपल्याला कधीच थेट दिसत नाही, त्याच्याच आधाराने आपण जन्मभर उभे असतो. हात सतत नजरेसमोर वावरतात, चेहरा आरशात भेटतो. पाठ मात्र कायम इतरांच्या हवाली असते. आई तिला न्हाऊ घालते, वडीलधाऱ्यांचा हात तिच्यावरून फिरतो, तिच्यावर ओझी लादली जातात, आणि तिचे खरे रूप तिच्या धन्यावाचून बाकी सगळ्यांना ठाऊक असते. भूलशास्त्र हा माझा पेशा असल्यामुळे माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांच्या पाठीच माझ्या अधिक लक्षात राहतात. कापूस वेचून वेचून कमरेत वाकलेल्या, सोयाबीनच्या सोंगणीने खांद्यांत ताठरलेल्या, डोक्यावरच्या भाऱ्यांनी मणके दाबून टाकलेल्या, पोलक्याच्या गळ्याएवढा भाग उन्हाने रापलेल्या अशा वर्धा जिल्ह्यातल्या कितीएक पाठी टेबलावर माझ्याकडे वळून बसल्या आहेत, आणि आत शिरायची वाट तुला खरोखर ठाऊक आहे का, हा एकच प्रश्न प्रत्येक पाठीने न बोलता मला विचारला आहे.

वाट म्हणावी तर ती अगदी थोडकी. बहुतेक प्रौढांच्या कमरेत ती चार ते सहा सेंटिमीटरांत संपते. कातडी, तिच्याखालची चरबी, मणक्यांच्या काट्यांना एकमेकांशी जखडणारे अस्थिबंध, शेवटी तो चिवट पिवळा अस्थिबंध, आणि त्याच्या पलीकडे चरबीने व नाजूक शिरांनी भरलेली जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची जागा. तिलाच आम्ही एपिड्युरल अवकाश म्हणतो. त्याच्याही पलीकडे मेंदूपासून खाली उतरलेले आवरण आहे, आणि त्या आवरणात, स्वच्छ पाण्यासारख्या द्रवात, मज्जातंतूंचा गुच्छ तरंगत असतो. सुई अलीकडे थांबली तर औषध वाया जाते. पलीकडे गेली तर आतले पाणी झिरपते आणि बाळंतिणीला उशीवरून मान उचलू देणार नाही अशी डोकेदुखी मागे लागते. नेमकी थांबलेल्या सुईतून सुमारे एक मिलिमीटर जाडीची नळी आत सरकवायची, तिचा चार-पाच सेंटिमीटर भाग आत ठेवून सुई काढून घ्यायची, आणि पाठीला चिकटवलेल्या त्या नळीतून तासन्‌तास, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवससुद्धा, वेदनेच्या वाटेवर औषध पोचवत राहायचे. एवढ्या मोठ्या वेदनेचा दरवाजा एवढ्या अरुंद जागी असावा, याचे आश्चर्य माझ्या मनातून अजून ओसरलेले नाही.

सुईने थांबायचे कुठे, हे आजवर हातानेच ठरवले. डाव्या हाताची मागची बाजू रुग्णाच्या पाठीला टेकलेली, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये सुईचे पंख, उजव्या अंगठ्याखाली सलाइन भरलेल्या सिरिंजचा दट्ट्या. अस्थिबंधात टोक असेतो दट्ट्या दाबला की उसळून परत येतो. सुई मिलिमीटरभर पुढे सरकते, पुन्हा दाब, पुन्हा नकार. पिवळ्या अस्थिबंधात शिरताना बोटांना एक करकरीत घट्टपणा लागतो, आणि मग अवचित सगळा विरोध मावळतो, दट्ट्या आपणहून आत धावतो. 'लॉस मिळाला', असे आम्ही आपसांत म्हणतो. सेवाग्रामला सूत कातणाऱ्यांची बोटे धाग्याचा ताण जशी न बघता ओळखतात, तशीच ही ओळख आहे. ती पुस्तकात लिहिता येते, पुस्तकातून घेता येत नाही. फिदेल पाजेस या स्पॅनिश लष्करी शल्यविशारदाने १९२१ मध्ये ही पद्धत प्रथम सविस्तर मांडली, तेव्हा त्याच्याजवळही बोथट सुई आणि बोटे यांखेरीज काही नव्हते. त्रेचाळीस शस्त्रक्रियांचा अनुभव त्याने स्पॅनिश भाषेत लिहून ठेवला, दोन वर्षांत तो मोटार अपघातात गेला, आणि पुढे इटलीच्या दोलिओत्तीने तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधून जगभर नेली. १९४७ मध्ये हवानात मार्तीनेस कुर्बेलोने सुईतून नळी सरकवून भूल हवी तितका वेळ टिकवण्याची सोय केली. तो ज्या सुईने काम करत होता तिचे वळणदार टोक सिएटलच्या ह्युबर नावाच्या एका दंतवैद्याच्या कल्पनेतून आलेले होते, आणि नाव मात्र टूही या भूलतज्ज्ञाचे लागले. दर वेळी ती सुई हातात घेताना मला पाजेस आठवतो. कारागिरीच्या इतिहासात अशी किती माणसे पहिली वाट पाडून, ती वाट कोणाची हे कोणी विचारण्याआधीच निघून जातात.

या सगळ्या क्रियेत एक गोष्ट मला फार खोल वाटते. प्रौढ माणसाच्या पाठीत ही सुई द्यायची, तर शक्यतो त्याला जागे ठेवून द्यायची, असा आमचा संकेत आहे. आम्ही सांगतो, "बाई, हनुवटी छातीला लावा, पाठ बाहेर काढा, हलू नका, पण पायात करंट आल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा." ती म्हणते, "सांगतो जी." म्हणजे वेदना हरण करायला निघालेला मनुष्य तिलाच वाटाड्या म्हणून बरोबर घेतो. सुई मज्जातंतूला भिडली, तर ते माझ्या बोटांआधी त्या बाईच्या पायाला कळते. वेदना ही शरीराची स्वतःची दृष्टी आहे, आणि तिच्यावर पडदा ओढण्यापूर्वी शेवटचे काही क्षण मी त्याच दृष्टीच्या उजेडात काम करतो.

वेदना नसलेले शरीर कसे असते, हे वर्धा जिल्ह्याइतके थोड्याच भूप्रदेशांना माहीत असेल. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आहे. संस्कृतचा हा पंडित कुष्ठरोगाने जर्जर होऊन तिथे आश्रयाला आला, आणि गांधीजी आपल्या हातांनी त्याच्या अंगाला मालिश करत. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम उभारले. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले, ते याच रोगाने टाकून दिलेल्या माणसांना घेऊन. त्या रोगाचे क्रौर्य दुखण्यात नसते, दुखेनासे होण्यात असते: निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही, खिळा रुतला तरी चालणे थांबत नाही, जखम चिघळून बोट झिजून जाते आणि मालकाला पत्ता नसतो. आणि बाबांच्या वाट्याला स्वतःच्या देहात नेमके याच्या उलटे आले. कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसणे अशक्य झाले; एक तर उभे राहायचे, नाहीतर आडवे पडायचे. १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेला भारत जोडोचा प्रवास त्यांनी वाहनात आडवे पडून केला. ज्यांना दुखतच नाही त्यांच्यासाठी ज्याला सतत दुखते तो राबत राहिला. या एका वाक्यात वेदनेचे दोन्ही अर्थ मावतात, आणि मी रोज त्या दोहोंच्या मधल्या जागेत उभा असतो: माझ्या औषधाने बधिर झालेली टाच तासन्‌तास गादीवर दाबून राहिली तर तिलाही व्रण होतो, म्हणून परिचारिकेला वेळोवेळी तो पाय हलवावा लागतो. ज्याने वेदना काढून घेतली, त्याने तिच्या वाट्याचे पाहणेही आपल्याकडे घेतले पाहिजे.

या पाहण्याची साधने मात्र उशिरा आली. रोंटगेनने १८९५ च्या डिसेंबरात आपल्या पत्नीच्या हाताची हाडे काचेवर उमटवली, तेव्हा जिवंत माणसाचा सांगाडा प्रथमच त्याच्या हयातीत डोळ्यांना दिसला. आज जुनाट कंबरदुखीसाठी एपिड्युरल अवकाशात औषध द्यायचे असते, तेव्हा इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराचे क्ष-किरणयंत्र टेबलाभोवती वळवतात, शिशाचा जड एप्रन अंगावर चढवतात, थोडे रंगद्रव्य सोडतात, आणि ते अवकाशात कसे पसरते हे पडद्यावर पाहून मगच औषध जाऊ देतात. "डॉक्टरसाहेब, मणक्यात गॅप आली म्हणतात," असे सांगत येणाऱ्या शेतकऱ्याची ती गॅप आणि सुईचे टोक दोन्ही तिथे एकाच चित्रात दिसतात. पण कळा देणाऱ्या बाईच्या पोटात दुसरा जीव असतो. तिथे क्ष-किरण नकोत. तिथे ध्वनी उपयोगी पडतो. पहिल्या महायुद्धात समुद्रातल्या पाणबुड्या हुडकायला लांजव्हँने जो न ऐकू येणारा ध्वनी कामाला लावला, त्याच ध्वनीने पुढे कारखान्यांत धातूच्या आतल्या चिरा शोधल्या. ग्लासगोच्या इयान डोनाल्डने ते कारखान्यातले यंत्र स्त्रियांच्या पोटाकडे वळवले आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये गर्भाची ध्वनिचित्रे छापली. युद्धातून कारखान्यात आणि कारखान्यातून प्रसूतिगृहात आलेला हा ध्वनी शेवटी पाठीशी पोचला. दुसऱ्याच्या विनाशासाठी घडवलेल्या साधनाला इतके हळुवार काम करता यावे, यात मला मनुष्यस्वभावाविषयी आशेला जागा दिसते.

पाठीवर सोनोग्राफी करताना प्रथम निराशा पदरी येते. हाडापुढे ध्वनीचे काही चालत नाही. जिथे मणका तिथे पडद्यावर काळी सावली. प्रोब मध्यरेषेच्या किंचित बाजूला उभा धरून आत कलवावा, म्हणजे खाली त्रिकास्थीची सलग पांढरी रेघ दिसते आणि तिच्यावर करवतीच्या दात्यांसारख्या मणक्यांच्या कमानी. त्रिकास्थीपासून वर मोजत यायचे: पाचवा, चौथा, तिसरा. मग प्रोब आडवा करून दोन काट्यांच्या मधोमध आणायचा. सावली हटते, आणि त्या फटीतून दोन समांतर उजळ रेघा वर येतात. वरची पिवळ्या अस्थिबंधाची आणि आवरणाची, खालची कण्यातल्या पोकळीच्या पुढल्या भिंतीची. वरच्या रेघेपर्यंतचे अंतर पडद्यावरच मोजायचे, प्रोबच्या कडांपाशी पेनने कातडीवर खुणा करायच्या, आणि जेल पुसून, पाठ निर्जंतुक करून, बहुतेक वेळा प्रोब बाजूला ठेवूनच सुई हाती घ्यायची. सुई किती खोल जाईल, कोणत्या कोनातून जाईल, एवढे आता माहीत असते. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर मात्र अजूनही दट्ट्यावरच्या अंगठ्याचेच. चित्र वाट दाखवते आणि उंबरठ्याशी थांबते.

मग एवढा खटाटोप कशाला, असे जुने जाणते विचारतात, आणि त्यांच्या प्रश्नामागे हजारो पाठींचा अनुभव असतो. याचे एक उत्तर नम्र करणारे आहे. कमरेच्या दोन्ही हाडांचे माथे जोडणारी रेषा चौथ्या मणक्यापाशी येते, असे शंभरांहून अधिक वर्षे आम्ही शिकत आणि शिकवत आलो. त्या रेषेला त्यूफिए या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात भूलतज्ज्ञांनी हाताने चाचपून सांगितलेली मणक्यांमधली जागा एमआरआयशी ताडून पाहिली, तेव्हा ती केवळ २९ टक्के वेळा बरोबर निघाली. रेषा खोटी नाही. ती सरासरीची आहे. आणि सरासरीची पाठ घेऊन कोणीच टेबलावर येत नाही. जिचा कणा लहानपणापासून एका बाजूला कललेला आहे, जिच्या चरबीखाली एकही काटा बोटाला लागत नाही, जिच्या पाठीवर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे, त्या बाईची पाठ ही फक्त तिचीच असते. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००८ मध्ये सोनोग्राफीच्या या पद्धतीला मान्यता दिली, त्यामागे सुया कमी टोचाव्या लागतात, वाट चुकणे कमी होते, ही व्यावहारिक कारणे होती, आणि ती पुरेशी आहेत. मला स्वतःला त्याहून मोठे वाटते ते हे, की प्रोब ठेवल्यावर हाताला मिनिटभर थांबावे लागते, आणि त्या मिनिटात पुस्तकातली पाठ मागे सरून समोरची पाठ दिसू लागते.

बालकांच्या बाबतीत तर हा विचार अधिकच टोकदार होतो. दोन महिन्यांच्या बाळाला 'पाठ बाहेर काढ' म्हणून सांगता येत नाही. त्याला पूर्ण भूल देऊनच पाठीला हात लावावा लागतो. म्हणजे वेदनेचा वाटाड्या आधीच झोपलेला. आणि निसर्गाची करुणा अशी, की नेमक्या त्याच वयात मणक्यांचा बराचसा भाग कूर्चेचा असतो, ध्वनी त्यातून आरपार जातो, आणि मज्जारज्जू, आवरण, अवकाश हे सारे पडद्यावर स्वच्छ उमटते. जे बोलू शकत नाही त्याचे शरीर सर्वांत अधिक दिसू देते. वय वाढते तशी हाडे टणक होत जातात, ध्वनीच्या खिडक्या मिटत जातात. म्हातारपणी तर अस्थिबंधही चुन्याने भरतात, आणि जिथे दिसण्याची गरज सर्वाधिक तिथे दिसणे सर्वांत अवघड होते.

या यंत्राविषयी आपल्या महाराष्ट्रात बोलायचे तर एक काळी बाजू टाळून चालणार नाही. जो ध्वनी बाळंतिणीची वेदना हरण करायला मदत करतो, त्याच ध्वनीने पोटातल्या मुली शोधून मारल्या गेल्या. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये संसदेने देशासाठी केला. त्यामुळे आज भूलतज्ज्ञाच्या हातातले, कधीही पोटावर न ठेवले जाणारे यंत्रसुद्धा नोंदवावे लागते. या कागदपत्रांचा जाच होतो, अशी कुरकुर माझे सहकारी करतात. मला ती पटत नाही. पाठीवर प्रोब ठेवताच एखादी बाई मान वळवून, आवाज खाली आणून विचारते, "मुलगा हाय का जी?" तेव्हा त्या प्रश्नात तिच्या सासरचे, माहेरचे, साऱ्या मुलुखाचे भय असते. मी सांगतो की माय, यात फक्त तुझा कणा दिसतो. पाहण्याचे सामर्थ्य जितके मोठे, तितकी काय पाहायचे नाही याची मर्यादा कडक असली पाहिजे.

पाहणे मोठे की स्पर्श, हा वाद आपल्याकडे नवा नाही. सुश्रुताने शरीर जाणू इच्छिणाऱ्या वैद्याला सांगितले, की प्रेत गवताने वेढून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री राहू द्यावे, आणि मग कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतला प्रत्येक थर डोळ्यांनी पाहावा. शास्त्राने कळलेले आणि प्रत्यक्ष दिसलेले एकत्र आले म्हणजे ज्ञान वाढते. त्याच सुश्रुताने छेद घेण्याचा सराव कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर करायला लावला, म्हणजे हातालाही वेगळी शाळा दिली. आमचे विद्यार्थी केळ्यात सुई खुपसून सालीचा विरोध आणि गराची सुटका अंगठ्यात मुरवतात, तेव्हा ती परंपरा अजून चालू आहे असे मला वाटते. मात्र एक भीती आहे, आणि ती मी हलकी मानत नाही: पडद्यावर वाढलेल्या पिढीची बोटे आंधळी होतील काय? रात्री वीज गेलेल्या, यंत्र बिघडलेल्या तालुक्याच्या दवाखान्यात त्यांना केवळ बोटांवर विसंबता येईल काय? १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक गांधीजींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करत असता वीज गेली, आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. त्या रात्री हाताला दिसत होते म्हणून डोळ्यांचे भागले. 'हिंद स्वराज्य'मध्ये वैद्यकावर आसूड ओढणारा तो मनुष्य क्लोरोफॉर्मखाली निमूट पडून राहिला, आणि पुढे त्याच्याच सेवाग्रामात रुग्णालय उभे राहिले. १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी तिथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. यंत्राला नाही म्हणणे आणि यंत्राच्या आधीन होणे, या दोहोंच्या मधली वाट शोधायला याहून योग्य भूमी मला माहीत नाही.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा जमीन खोदत असता मातीखालून भरत-राम भेटीचे शिल्प निघाले, आणि ते त्यांनी आश्रमात स्थापले. कुदळीला दगड लागल्यावर पुढचा घाव घालण्याआधी थांबणारा हात मला नेहमी या शिल्पाइतकाच महत्त्वाचा वाटतो. हात थांबला नसता तर भेटीचे तुकडे झाले असते. आमच्या कामात हा थांबा पूर्वी केवळ अनुभवी बोटांना साधत असे; आता नवख्या बोटांनाही तो शिकवता येतो, आणि म्हणून पडदा मला बोटांचा शत्रू वाटत नाही. चित्र पाहून मग सुई घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्या करकरीत घट्टपणाचा अर्थ लवकर कळतो, कारण आपण आता कोठे आहोत हे त्याने आधी पाहिलेले असते.

'पाठीत सुई दिली की कंबर जन्मभर दुखते', ही समजूत आपल्याकडे घराघरांत आहे, आणि तिच्यापायी कितीतरी बाया टाळता येणारी वेदना सोसतात. एपिड्युरलमुळे कायमची कंबरदुखी जडते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. टोचल्या जागी काही दिवस ठणका राहतो, इतकेच. तेव्हा तुमच्या घरात कोणाच्या पाठीत सुई देण्याची वेळ आली, तर भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच भेटा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मणक्याची जुनी शस्त्रक्रिया असेल, कणा वाकडा असेल, मागच्या खेपेला सुई पुन्हा पुन्हा टोचावी लागली असेल, तर काहीही न लपवता सांगा, आणि सोनोग्राफीने पाठ आधी पाहणार का, हे विचारायला संकोच करू नका.